लोकरीचा रोहित

गेल्या पौषात नेरूळला आमच्या वसाहतीच्या सभागृहात एक लहानसे प्रदर्शन भरले होते. प्रदर्शन म्हणावे असा त्याचा थाट नव्हता. गणपतीच्या मखरासाठी वापरतात ती चार लाकडी टेबले एकाशेजारी एक लावलेली, त्यांवर पांढऱ्या चादरी आणि चादरींवर सत्तावीस प्राणी. काही क्रोशाच्या सुईवर विणलेले, काही जुन्या कपड्यांतून बेतून शिवलेले. सगळ्यांच्या पोटात कापूस. करणाऱ्या अकरा जणी, बहुतेक साठीच्या पुढच्या. यांतला एकही प्राणी विक्रीला नव्हता. कोणाचा नातवासाठी, कोणाचा भाचीच्या बाळाच्या बारशासाठी, दोनतीन घरकामाला येणाऱ्या बाईंच्या मुलांसाठी. देऊन टाकण्यापूर्वी सगळे एकदा एकत्र पाहावेत, इतकाच हेतू. मी कधीमधी पुस्तकांवर आणि चित्रांवर लिहिते हे ठाऊक असल्यामुळे ‘दोन शब्द’ बोलण्याचे काम माझ्याकडे आले. मी टेबलांवरून एक चक्कर मारली आणि म्हणाले, “सगळेच फार गोड झाले आहेत.” टाळ्या झाल्या, चहा आला. कप हातात घेताना तळमजल्यावरच्या वहिनी जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, “बाई, एखाद्या चित्राला तुम्ही नुसतं ‘गोड’ म्हणाला असता का?”

त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. त्यांना खरोखरच उत्तर हवे होते. त्या दिवशी मला ते देता आले नाही. हा लेख म्हणजे ते उशिराचे उत्तर आहे.

हाताने केलेल्या खेळण्यावर समीक्षा होत नाही, याची कारणे उघड आहेत. एक तर ती भेट असते, आणि भेटीचे गुणदोष काढणे आपल्याकडे असभ्यपणाचे मानले जाते. दुसरे म्हणजे ती बायकांनी फावल्या वेळात केलेली असते. फावल्या वेळातल्या कामाचे कौतुक करायचे असते, परीक्षण नव्हे, असा एक अलिखित संकेत आहे. वरवर पाहता हा संकेत मोठा उदार वाटतो. परंतु कौतुक आणि उपेक्षा यांचे सख्य फार जुने आहे. ज्या वस्तूत चूक होऊच शकत नाही असे आपण मानतो, त्या वस्तूत काही साधू शकते असेही आपण मानत नसतो. ‘गोड’ या शब्दाने मी त्या अकरा जणींना शाबासकी दिली आणि त्यांच्या कामाकडे न पाहण्याची सोयही करून घेतली. वहिनींनी नेमके तेच हेरले होते.

येथे कोणी विचारील की, चिंध्या आणि लोकर यांच्या प्राण्यांना सौंदर्यशास्त्राची मोजमापे लावण्याइतके त्यांत आहे काय? मला वाटते, आहे. एवढेच नव्हे, तर आपल्या सौंदर्यविचारात जो वाद अर्धशतकाहून अधिक काळ चालला, त्याला या प्राण्यांइतके चोख उदाहरण सापडणे कठीण. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात कलाकृतीचे मर्म तिच्या अंतर्गत लयीत पाहिले, संवाद, विरोध आणि समतोल ही त्या लयीची तत्त्वे मानली आणि उपयोगाच्या हिशेबापासून सौंदर्याला दूर ठेवले. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) मध्ये लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद अशी दोन टोके उलगडून दाखवली. आता कापसाने भरलेला हत्ती कोणत्या टोकाशी ठेवायचा? तो उराशी धरून झोपण्यासाठीच केलेला असतो, म्हणजे त्याचा उपयोग काढून घेतला तर तो उरतच नाही. तथापि, ज्या मुलाने तो उराशी धरला त्याच्यासाठी तो हत्ती या व्यवहारी जगातला राहत नाही, हेही तितकेच खरे. लौकिक आणि अलौकिक यांची गाठ ज्या ठिकाणी पडते, नेमक्या त्या ठिकाणी ही वस्तू बसलेली आहे.

प्रथम घडणीकडे पाहू. त्या टेबलांवर दोन जातींचे प्राणी होते आणि त्यांची शरीरे दोन वेगळ्या न्यायांनी बनलेली होती. विणलेला प्राणी आतून वाढतो. सहा टाक्यांच्या एका लहान कड्यापासून सुरुवात होते. दुसऱ्या फेरीत त्याचे बारा, तिसरीत अठरा, चौथीत चोवीस. फेरीचा शेवट असा नसतोच. टाका टाक्यावर चढत गोल गोल जात राहतो. वाढ थांबवली की भिंत सरळ चढते, टाके कमी केले की तोंड मिटत जाते. मिटण्यापूर्वी कापूस भरायचा. सबंध प्राण्यात बहुधा एकच टाका, आमच्या आयांच्या भाषेत मुका खांब, परंतु तो किती घट्ट ओढायचा यावर सगळे अवलंबून. सैल ओढला की फटींतून कापूस डोकावतो. या प्रकाराला आता सर्वत्र ‘अमिगुरुमी’ हे जपानी नाव पडले आहे. विणणे आणि कापूस भरलेले खेळणे या अर्थांचे दोन शब्द जोडून ते झालेले आहे. यातून गोल आकार सहज येतो. म्हणून विणलेला प्राणी स्वभावतःच गोलाकडे ओढला जातो: डोके गोल, पोट गोल, हातपाय लांबट गोल.

शिवलेला प्राणी उलट दिशेने येतो. कापड सपाट असते आणि त्यातून शरीर काढायचे असते. दोन बाजू कापून नुसत्या जोडल्या तर उशी होते, प्राणी होत नाही. दोन बाजूंच्या मध्ये कळी घालावी लागते, झग्याला घालतात तशी. हनुवटीपासून पोटाखालून शेपटीपर्यंत जाणारी ती पट्टी किती रुंद, कोठे निमुळती, यावर हत्ती उभा राहणार की कोलमडणार हे ठरते. मग उलट्या बाजूने टीप, वळणावर कात्रीने बारीक चिरा, सुलटे करणे, कापूस भरणे आणि शेवटचे दोन इंच आतून न दिसणाऱ्या टाक्यांनी बंद करणे. येथे आकार वजाबाकीने येतो. विणताना चुकले तर उसवता येते. कापताना चुकले तर कापड गेले.

मर्ढेकरांचा विरोध आणि समतोल येथे नुसत्या शब्दांत राहत नाही. त्या प्रदर्शनात इरकली लुगड्याचा एक बैल होता. काळसर अंग आणि लाल काठ. काठ नेमका पाठीच्या कण्यावरून गेलेला, त्यामुळे झूल वेगळी घालावी लागली नव्हती. अंगाचा विटका मऊपणा आणि काठाचा ताठपणा यांचा विरोध त्या बैलाला वशिंड देऊन गेला होता. करणारीने हे ठरवून केले की कापड पुरवण्याच्या नादात झाले, याची मला कल्पना नाही. परंतु कलेत कसे झाले यापेक्षा झालेले ओळखून तसेच राहू दिले, याला महत्त्व असते. त्याच टेबलावर तीन एकशिंगी घोडे होते. परदेशी चित्रफितींतून आलेले, जांभळ्या आणि गुलाबी लोकरीचे, टाके असे एकसारखे की यंत्राने घातले असावेत. दोष काढायला जागा नव्हती आणि पाहायलाही फारसे काही नव्हते. त्यांची आयाळ, शिंग, गालावरची लाली, सारे वरून आणून चिकटवलेले होते. लोकरीच्या स्वभावातून त्यांतले काहीच उमलले नव्हते.

आता एक गैरसमज टाळला पाहिजे. नमुना पाहून करणे हा दोष, असे मी म्हणत नाही. आपल्या आज्या पाळण्यावर जे चिमणाळे टांगत, त्यातले कापडी पोपट पिढ्यान्‌पिढ्या एकाच बेताचे असत. आणि मासिकांतून कापलेले विणकामाचे नमुने आमच्या घरी पत्र्याच्या डब्यात जपून ठेवलेले मी पाहिले आहेत. नक्कल हा हस्तकलेचा श्वासच आहे. प्रश्न असा की, नमुन्याकडे पाहताना करणारीने त्या प्राण्याकडेही पाहिले का आणि ज्याला तो द्यायचा त्याच्याकडे पाहिले का?

या दुसऱ्या पाहण्यावर थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. मराठी घरात बायकांच्या हाताच्या कामाला दोन ठिकाणी मान मिळत आला. एक रुखवत, दुसरा बाळंतविडा. रुखवतात मांडलेल्या वस्तू दाखवण्यासाठी असतात. लोकरीचा कुत्रा, मण्यांचा ससा, शिंपल्यांचा मोर, वर काचेचे झाकण आणि खाली मुलीच्या नावाची चिठ्ठी. त्या मुलीच्या हाताला वळण आहे, हे वरपक्षाच्या डोळ्यांना पटवण्यासाठी त्यांचा जन्म. लग्नानंतर त्या कपाटावर चढतात आणि धूळ खात बसतात. बाळंतविड्याची रीत निराळी. अंगडे, टोपडे, कुंची, दुपटे, लाळेरे: यांतली प्रत्येक वस्तू ओली होणार, मळणार, धुतली जाणार, लहान होणार, दुसऱ्या बाळाकडे जाणार. तिचे कौतुक बारशाच्या संध्याकाळपुरते आणि काम सहा महिन्यांचे. रुखवताचा प्रेक्षक मोठा माणूस आहे. बाळंतविड्याचा खरा धनी बोलता न येणारे मूल आहे. कापसाचा प्राणी वस्तुतः बाळंतविड्याचा. परंतु बहुसंख्य प्राणी आज रुखवताच्या बुद्धीने केले जातात. मला वाटते, त्यांच्या चांगल्यावाईटाचा पहिला निकष येथेच सापडतो.

हा कल आपल्याकडचाच आहे असे नाही. १९०२ च्या नोव्हेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी मिसिसिपीतल्या शिकारीत बांधून ठेवलेले अस्वल मारायचे नाकारले, त्यावर व्यंगचित्र निघाले आणि ब्रुकलिनच्या एका दुकानदार दांपत्याने ‘टेडी’चे अस्वल शिवले, ही कथा सर्वपरिचित आहे. त्याच वर्षी जर्मनीत स्टाइफ यांच्या कारखान्यातही अस्वल आकाराला आले होते. ती आरंभीची अस्वले अस्वलासारखी होती: लांब मुस्कट, पाठीला कुबड, लांब हात. पुढे मुस्कट आखूड होत गेले, कपाळ मोठे होत गेले आणि अस्वलाचे बाळ झाले. केंब्रिजचे प्राणिवर्तनशास्त्रज्ञ रॉबर्ट हाइंड यांनी १९८५ मध्ये एका सहकाऱ्यासह जुनीनवी अस्वले मोजून हा बदल दाखवला. बाळासारखा चेहरा माणसाच्या मनात माया जागवतो, हे कोनराड लोरेन्झ यांनी १९४३ मध्येच मांडले होते. पण खरी मौज पुढेच आहे. १९९५ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी चार, सहा आणि आठ वर्षांच्या मुलांपुढे दोन्ही तऱ्हांची अस्वले ठेवली, तेव्हा बाळचेहऱ्याकडे ओढा दिसला तो सहा आणि आठ वर्षांच्या मुलांत. चार वर्षांच्या मुलांत तो दिसला नाही. याचा अर्थ मी असा लावते की, अस्वलाचा चेहरा ज्यांनी बदलवला ती कडेवरची मुले नव्हेत, दुकानात पैसे मोजणारी मोठी माणसे होत. ज्याला ‘गोड’ म्हणून मी मोकळी झाले, तो गोडवा माझ्यासाठीच घातलेला होता.

हे मी तिऱ्हाईताच्या भूमिकेवरून लिहीत नाही. चार वर्षांपूर्वी परदेशी असलेल्या नातवासाठी मी एक ससा विणला. दोन महिने लागले. निळा कोट, कोटाला तीन शिंपल्यांची बटणे, खिशात लोकरीचे गाजर, ओठांवर लाल धाग्याचे हसू. पाठवण्यापूर्वी मी तो वाशी ते बेलापूर जेवढ्या मैत्रिणी आहेत तेवढ्यांना दाखवला. सर्वांनी वाखाणला. पेटीत डाग पडू नये म्हणून तो माझ्या एका जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळला आणि वर गाठ मारली. सहा महिन्यांनी फोनच्या पडद्यावर मला ससा दिसला तो फळीवर, पुस्तकांना टेकून, अगदी नव्यासारखा. आणि नातवाच्या मुठीत ती सुती चिंधी होती, गाठीसकट. गाठीला तो ‘बाबू’ म्हणत होता. सून ओशाळून म्हणाली, “आई, तो सशाला हात लावू देत नाही कुणाला, इतका आवडतो.” तिचा चांगुलपणा मला कळला आणि आपले रुखवत काचेच्या झाकणाखाली गेले, हेही कळले.

त्या दिवशी मला राग आला, हे कबूल केले पाहिजे. मुलाला कळत नाही, असे मी स्वतःशी म्हटले. पुढे डोनल्ड विनिकॉट या इंग्रज बालवैद्य-मनोविश्लेषकाचा निबंध पुन्हा वाचला. १९५१ मध्ये वाचलेला आणि १९५३ मध्ये छापलेला हा निबंध मुलाच्या पहिल्या लाडक्या वस्तूविषयी आहे: दुपट्याचे टोक, लोकरीचा पुंजका, कापडी अस्वल. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, ही वस्तू मुलाला बाहेर सापडली की ती त्याने मनातून निर्माण केली, हा प्रश्न मोठ्यांनी विचारायचा नसतो. ती मुलाची माया सोसते, रागही सोसते, आणि तिला आईनेदेखील परस्पर धुऊन टाकायचे नसते. हे वाचल्यावर ससा कोठे चुकला ते मला स्पष्ट झाले. मी त्यात निर्माण करण्यासारखे काही ठेवलेच नव्हते. त्याला कोट होता, गाजर होते, स्वभाव होता. तो सदैव हसत होता. मूल रडत असले तरी हसत होता. गाठीला मात्र चेहरा नव्हता, म्हणून तिला कोणताही चेहरा येऊ शकत होता.

स्टाइफ घराण्याच्या आरंभीही असाच एक प्रसंग आहे. मार्गारेटे स्टाइफ लहानपणी पोलिओने अधू झाल्या होत्या. चाकाच्या खुर्चीत बसून शिवणकाम करीत. १८८० मध्ये त्यांनी फेल्टचा एक छोटा हत्ती शिवला, तो टाचण्या खोचून ठेवण्याच्या गादीसाठी. ओळखीच्यांना तो भेट म्हणून गेला आणि त्या घरांतल्या मुलांनी त्याचे खेळणे केले. हत्ती टाचण्यांसाठी की खेळण्यासाठी, हे शिवणारीने ठरवले नाही. एवढा मोठा उद्योग उभा राहिला तो मुलांच्या त्या निर्णयावर.

म्हणून दुसरा निकष मी असा मांडते: चांगल्या खेळण्यात करणारीचे कौशल्य पुरेपूर असावे आणि तरीही ते एका जागी थांबलेले असावे. ही जागा ओळखणे हेच या कलेतले अवघड काम. आमच्याच बेलापूरला चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात सिडकोसाठी आर्टिस्ट व्हिलेजची रचना केली, तेव्हा घरे अशा रीतीने मांडली की राहणाऱ्याला पुढे आपल्या ऐपतीप्रमाणे ती वाढवता यावीत. आज तेथे फिरताना मूळची कौलारू घरे थोडी आणि बदललेली घरे फार दिसतात. कोणी त्याला ऱ्हास म्हणतात. मला मात्र वाटते की, पुढच्याचा हात लागेल हे ज्याने गृहीत धरले, त्याच्या कृतीला हात लागला म्हणून ती बिघडली असे म्हणता येत नाही. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडीसाठी शिंपले, बिया, पाने असे परिसरातले साहित्य आणले, तेव्हा पैशाची बचत हा एक भाग होता. पण बी हे नुसते बी असते आणि म्हणूनच मुलाच्या हातात ते काहीही होऊ शकते, हा शिक्षणविचार त्याहून मोठा होता.

आता वहिनींच्या प्राण्याकडे येते. तो रोहित होता, ज्याला इंग्रजीच्या सवयीने सगळे फ्लेमिंगो म्हणतात. नव्या मुंबईत या पक्ष्याची चित्रे आणि पुतळे चौकाचौकांत आहेत. हिवाळ्याच्या सुमारास हजारोंनी रोहित ठाण्याच्या खाडीत उतरतात आणि पावसाच्या तोंडावर निघून जातात. २०१५ मध्ये खाडीचा एक भाग त्यांच्यासाठी अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत गेला. परंतु शहराने डोक्यावर घेतलेला रोहित हा बाहुलीच्या गुलाबी रंगाचा आहे. टेबलावर इतर जणींनी केलेले आणखी दोन रोहित होते, तेही तसेच: नखशिखान्त गुलाबी, सरळ चोच, पापण्यांचे केस.

वहिनींचा रोहित मळकट पांढरा होता. जवळून पाहिले तेव्हा दिसले की, पांढऱ्या आणि फिक्या गुलाबी अशा दोन धाग्यांची जोड करून त्यांनी अंग विणले होते. गडद गुलाबी रंग फक्त पंखांच्या घडीत, तोही पंख उचलल्याशिवाय न दिसणारा. चोच मध्येच खाली मोडलेली आणि टोकाला काळी, जशी ती असते. कारण हा पक्षी मान खाली टाकून, चोच उलटी धरून चिखलपाणी गाळून खातो. वहिनी रोज पहाटे सीवूड्सच्या बाजूला पाणथळीपर्यंत चालत जातात, हे मला नंतर समजले. २०२४ च्या एप्रिलमध्ये त्या भागात काही रोहित मेलेले आढळले होते. तेव्हापासून त्या पक्ष्यांकडे नीट पाहू लागल्या, असे त्या म्हणाल्या. शेजारणींनी त्यांना सांगितले होते, “रंग थोडा उठावदार घ्यायला हवा होता.” वहिनींनी उत्तर दिले नव्हते. पक्षी तसा असतो, हे उत्तर देण्याजोगे आहे असे त्यांना वाटले नसावे.

हे हुबेहूबपणाचे कौतुक नव्हे. हुबेहूब पक्षी करायचा तर पाय काडीसारखे ताठ हवेत आणि ताठ पायांसाठी आत तार घालावी लागते. वहिनींनी तार घातली नाही. पाय वीतभर लांब, मऊ, दोरीसारखे लोंबते; गुडघ्यासारखा दिसणारा सांधा, जो खरे तर पक्ष्याचा घोटा, तेथे नुसती एक गाठ. परिणामी हा रोहित उभा राहत नाही. टेबलावर तो आडवा पडला होता आणि प्रदर्शनाच्या दृष्टीने सर्वांत वाईट दिसत होता. परंतु तो उचलायला गेलात तर तुमचा हात आपोआप पायाकडे जातो. दोन वर्षांच्या मुलाची मूठ ज्या जाडीवर बंद होते तेवढीच त्या पायाची जाडी आहे. म्हणजे पायाने धरून, फरशीवरून ओढत, घरभर नेण्यासाठी हा पक्षी केलेला आहे. जिथे पक्ष्याशी इमान राखायचे तिथे रंगात आणि चोचीत राखले. जिथे मुलाशी राखायचे तिथे पक्ष्याला बाजूला सारले. समतोल म्हणतात तो हा असावा.

त्यात दोषही होता आणि वहिनींना उत्तर द्यायचे तर तो सांगितलाच पाहिजे. डोळे काळ्या काचमण्यांचे होते. तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती सुटणारा मणी देऊ नये, हे आता सर्वांना ठाऊक असायला हवे. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे विक्रीच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोची खूण सक्तीची झाली आहे. नोंदणीकृत हस्तकारागिरांना त्यातून सूट आहे, आणि घरातल्या भेटीला तर कोणी विचारतच नाही. ज्याला कोणी विचारत नाही त्याची जबाबदारी करणारीवर अधिक येते. मी हे वहिनींना सांगितले. त्यांनी त्याच संध्याकाळी मणी काढले आणि काळ्या धाग्याने डोळे भरले. दुसऱ्या दिवशी मला दाखवायला आणले. डोळे सुरक्षित होते आणि पक्षी आंधळा झाला होता. मण्यावर जो प्रकाशाचा ठिपका पडत असे त्यामुळे तो पाहत होता. धागा प्रकाश पिऊन टाकतो. वहिनींनी उसवले, पुन्हा भरले, पुन्हा उसवले. चौथ्या खेपेला त्यांनी काळ्याच्या भोवती पिवळ्या धाग्याचे एक कडे घातले, कारण मोठ्या रोहिताचा डोळा पिवळसर असतो. पाहणे परत आले. अगदी पहिल्यासारखे नाही, पण आले. एका डोळ्यासाठी तीन संध्याकाळी गेल्या.

या तीन संध्याकाळींचा हिशेब कोणी करत नाही, आणि माझ्या मते या कलेची खरी व्यथा हीच आहे. वीतभर उंचीचा विणलेला प्राणी करायला सवयीच्या हाताला बारा-पंधरा तास लागतात. तो पाचशे रुपयांना विकला तर लोकर आणि कापूस वजा जाता तासाला तीस रुपयेही सुटत नाहीत. म्हणून जाणत्या बायका म्हणतात, विकण्यापेक्षा दिलेला बरा. देण्यात मान आहे, हे खरे. परंतु दिलेल्या वस्तूमागे गेलेला वेळ अदृश्य होतो, हेही खरे. “वेळ जात नाही म्हणून करतात,” असे घरातली माणसे सहज बोलून जातात. ज्या बाईने चार वेळा डोळा उसवला तिचा वेळ जात नव्हता, असे कसे म्हणावे? तिच्या वेळेला पैशाने मोजता येत नसेल, तर निदान नजरेने मोजावे. समीक्षा दुसरे काय करते? कोणी कोठे थांबले, काय गाळले, काय सोसले, हे पाहिल्याची ती पोच असते.

वहिनींना मी आता हे सांगेन: तुमचा रोहित गोड नाही. गोड होण्याची सोपी वाट तुमच्यासमोर होती, शेजारणींनी ती दाखवलीही होती, आणि तुम्ही ती घेतली नाहीत. त्याची मान थोडी जाड झाली आहे. कापूस अधिक ठासल्यामुळे ती वळत नाही. पोटाच्या सहाव्या फेरीत एक टाका सुटला आहे. पाय उत्तम आहेत.

तो रोहित आता पनवेलजवळ एका दोन वर्षांच्या मुलीकडे आहे. वहिनींच्या भाचीची मुलगी. मागच्या महिन्यात तो दुरुस्तीला परत आला होता. एक पाय अंगापासून जवळजवळ सुटला होता, चोचीचा काळा रंग चोखून चोखून करडा झाला होता आणि अंगाला वास येत होता. वहिनींनी पाय शिवला. धुऊ का, असे त्यांनी मला विचारले. मी नको म्हटले.